बाखचे हरवलेले मार्क पॅशन : शब्द हाती, सूर शोधायचे

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १७५४ साली, त्याचा सविस्तर मृत्युलेख छापला गेला. तो लिहिण्यात त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याचा हात होता. बाखने पाच पॅशन, म्हणजे येशूच्या अटकेपासून दफनापर्यंतची कथा सांगणाऱ्या गायनकृती, लिहिली, असे त्यात नोंदवले आहे. त्यांपैकी दोनच आज आपल्यापर्यंत पूर्ण पोहोचली आहेत. एक योहानच्या शुभवर्तमानावरचे (शुभवर्तमान म्हणजे बायबलमधले येशूचे चरित्र), १७२४ सालचे. दुसरे मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरचे, १७२७ सालचे. तिसऱ्याची गोष्ट वेगळी आहे. मार्कच्या शुभवर्तमानावरचे पॅशन २३ मार्च १७३१ रोजी, गुड फ्रायडेला, लाइप्झिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये सादर झाले. त्याचे शब्द पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उपलब्ध आहेत. संगीताचे एक पानही नाही. बाखच्या कृतींच्या सूचीत त्याला क्रमांक मात्र आहे : बीडब्ल्यूव्ही २४७.

गेली दीडशे वर्षे अभ्यासक आणि संगीतकार हे पॅशन पुन्हा उभे करू पाहत आहेत. त्यांनी काय शोधले, पुरावा कुठवर पुरला आणि तो संपल्यावर प्रत्येकाने कोणती वाट धरली, ते या प्रकरणात पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. या कामात सापडलेले संगीत अस्सल आहे आणि ते गायले गेलेच पाहिजे. पण जे हरवले आहे तोच या कृतीचा गाभा होता, आणि तो भरून काढल्याचा आभास निर्माण करणाऱ्या पुनर्रचना मला पटत नाहीत.

मूळ कृती कशी होती

लाइप्झिगमध्ये पॅशन हा मैफिलीचा प्रकार नव्हता. गुड फ्रायडेच्या दुपारच्या प्रार्थनेत ते गायले जाई. त्याचे दोन भाग असत आणि मध्ये प्रवचन होई. येशूच्या अटकेपासून दफनापर्यंतची कथा शुभवर्तमानातल्या शब्दांतच सांगितली जाई. निवेदक म्हणजे इव्हँजेलिस्ट, तो तार सप्तकात सहज फिरणारा टेनर. तो बोलल्यासारखे गातो, त्याला रेसिटेटिव्ह म्हणतात. येशू, पिलात, पेत्र यांची वाक्ये वेगवेगळे गायक गातात आणि जमावाचे बोलणे कोरस गातो. या कथेत दोन प्रकारची गाणी गुंफलेली असतात. कोराल म्हणजे उपासकांना लहानपणापासून पाठ असलेली स्तोत्रे, चार आवाजांत बांधलेली. आरिया म्हणजे नव्या कवितेवरचे एकल गाणे. त्यात एक श्रद्धावान माणूस समोर घडणाऱ्या प्रसंगावर आपल्या मनातले बोलतो.

मार्क पॅशनची संहिता क्रिश्चियन फ्रीडरिश हेन्रिकी याची. ‘पिकांडर’ या टोपणनावाने तो लिहीत असे आणि मॅथ्यू पॅशनची कविताही त्याचीच. १७३२ साली त्याच्या कवितांचा तिसरा खंड निघाला आणि त्यात ही संहिता छापली गेली. दोन मोठे कोरस (एक सुरुवातीला, एक शेवटी), सहा आरिया आणि तब्बल सोळा कोराल. उरलेला सगळा मजकूर मार्कच्या चौदाव्या आणि पंधराव्या अध्यायांतला.

हे प्रमाण फार बोलके आहे. मॅथ्यू पॅशनमध्ये आरियांची रेलचेल आहे. कथा पावलोपावली थांबते आणि मन बोलू लागते. मार्कमध्ये कथा वेगाने पुढे जाते आणि थांबलीच तर बहुधा एखाद्या स्तोत्राच्या कडव्यासाठी. चारही शुभवर्तमानांत मार्कचे सर्वांत छोटे आणि घाईचे. बाख आणि पिकांडर यांनी तो स्वभाव ओळखून कृतीची बांधणी केली, असे मला वाटते. म्हणजे इथे वजन रेसिटेटिव्ह आणि कोराल यांच्यावर आहे. पुनर्रचनेची खरी अडचणही इथेच सुरू होते.

पहिला धागा : राणीचे शोकगीत

१८७३ साली विल्हेल्म रुस्ट बाखच्या समग्र संगीताच्या संपादनात गुंतला होता. मार्क पॅशनमधल्या पाच कवितांचे छंद बाखच्याच एका जुन्या रचनेशी जुळतात, हे त्याच्या ध्यानात आले. ती रचना म्हणजे सॅक्सनीच्या इलेक्टरची (तिथल्या राज्यकर्त्याची ही पदवी) पत्नी क्रिस्टियाने एबरहार्डिने हिच्या स्मरणार्थ लिहिलेले शोकगीत, बीडब्ल्यूव्ही १९८. पोलंडचे राजपद मिळावे म्हणून तिच्या नवऱ्याने, ऑगस्टसने, कॅथलिक पंथ स्वीकारला. ती मात्र लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाची, राहिली. सॅक्सनीच्या लुथरन जनतेने तिला त्यासाठी डोक्यावर घेतले होते. सप्टेंबर १७२७ मध्ये ती गेली आणि १७ ऑक्टोबरला लाइप्झिगच्या विद्यापीठ चर्चमध्ये स्मरणसभा झाली. कविता गॉटशेड या कवीची, बाख स्वतः हार्पसिकॉर्डवर बसला होता.

जुळणी कशी आहे ते पाहा. शोकगीताची पहिली ओळ : ‘लास, फ्युर्स्टिन, लास नोख आइनेन श्ट्राल’. मार्क पॅशनची पहिली ओळ : ‘गे, येझू, गे त्सू डाइनर पाइन’. दोन्हींत अक्षरे आठ. दोन्हींत आज्ञार्थी क्रियापद, मग संबोधन, मग तेच क्रियापद पुन्हा, नेमके त्याच जागी. पुढची ओळ दोन्हीकडे नऊ अक्षरांची. आणखी एक जोडी : ‘फेरश्टुम्ट, फेरश्टुम्ट, ईर होल्डेन झाइटेन’ आणि ‘एर कोम्ट, एर कोम्ट, एर इस्ट फोरहांडेन’. सुरुवातीची द्विरुक्ती इथेही जशीच्या तशी. योगायोगाने एक ओळ जुळू शकेल, पण दोन कोरस आणि तीन आरिया एकाच रचनेशी अशा जुळतात तेव्हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पिकांडर ती जुनी रचना समोर ठेवूनच नवे शब्द बसवत होता.

मराठी वाचकाला हे उमजायला वेळ लागू नये. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असे : अमुक ठुमरीची, अमुक लावणीची, अमुक पदाची. नाटककार आधीची चाल घेई आणि तिच्या मापाने शब्द बसवी, आणि त्यात कोणाला उणेपणा वाटत नसे. पिकांडरच्या पुस्तकात चालीचा उल्लेख तेवढा गाळलेला आहे. तो उल्लेख छंदावरून परत मिळवणे, हे रुस्टचे काम.

बाखने हे केले यामागे आळस नव्हता. शोकसभेसाठी लिहिलेले संगीत एकदाच वाजते, कारण ती राणी पुन्हा मरणार नसते. इतके उत्तम संगीत कपाटात पडू देण्यापेक्षा दरवर्षी येणाऱ्या गुड फ्रायडेला जोडणे शहाणपणाचे होते. कोथेनच्या राजपुत्र लिओपोल्डच्या १७२९ सालच्या अंत्यसंस्कारातही याच शोकगीताचे कोरस नव्या शब्दांनी गायले गेले होते. पुढे ख्रिसमस ओरेटोरिओत (ओरेटोरिओ म्हणजे धार्मिक कथेवरची मोठी गायनकृती) तर बाखने राजघराण्यासाठी लिहिलेल्या ऐहिक रचनांतले संगीत मोठ्या प्रमाणावर वळवले.

शोकगीताचा वाद्यमेळही विलक्षण आहे. दोन बासऱ्या, दोन ओबो द’आमोरे, दोन व्हिओला दा गाम्बा (चेलोसारखे जुने गजवाद्य), दोन ल्यूट (छेडून वाजवायचे तंतुवाद्य) आणि इतर तंतुवाद्ये. आवाज दबका, तांबूस आणि फार जवळचा. शेवटच्या भोजनानंतरची आल्टोची (टेनरच्या वरच्या आवाजाची) आरिया, ‘माइन हाइलांट, डिख फेरगेस इख निख्ट’ (‘माझ्या तारणहारा, तुला मी विसरणार नाही’), या गाम्बांच्या साथीवर गायली जाते तेव्हा शब्द नंतर बसवलेले आहेत हे मला कधीच जाणवत नाही. मूळ ओळ राणीने मृत्यूला शांत मनाने कसे स्वीकारले ते सांगते. नवी ओळ स्मरणाची शपथ घेते. एकच संगीत दोन्ही अर्थ सारख्याच प्रेमाने पेलते.

सगळीकडे मात्र इतके सुख नाही. टेनरची आरिया ‘माइन ट्र्योस्टर इस्ट निख्ट मेअर बाय मीर’ म्हणते, ‘माझा सांत्वन करणारा आता माझ्याजवळ नाही.’ छंदाने ती शोकगीतातल्या ज्या आरियेवर बसते, तिचे मूळ शब्द अनंतकाळाच्या नीलमण्यांच्या घराविषयी आहेत आणि संगीतही तसेच प्रसन्न, निवांत. इथे छंद एकीकडे ओढतो आणि भाव दुसरीकडे. बाखने संगीतात काही फेरफार केले असतील का? तो सहसा करत असे. पण ते फेरफार गेले, आणि आज गायक ती निवांत चालच गातो. ऐकताना इथे अडखळायला होते. अभ्यासकांनी ते अडखळणे लपवू नये.

यहूदाचे चुंबन

दुसरा मोठा धागा विसाव्या शतकात फ्रीडरिश स्मेंटने पुढे आणला. येशूचा शिष्य यहूदा चुंबन घेऊन येशूला पकडून देतो त्या प्रसंगी आरिया आहे : ‘फाल्शे वेल्ट, डाइन श्माइखेल्न्ड क्युसेन’, म्हणजे ‘खोट्या जगा, तुझे हे लाडिक चुंबन’. बाख वायमार शहरात होता त्या दिवसांतला त्याचा एक आल्टो कँटाटा (गायक आणि वाद्यमेळासाठीची अनेक भागांची रचना) आहे, बीडब्ल्यूव्ही ५४. ‘पापाला विरोध कर’ अशा अर्थाच्या ओळीने तो सुरू होतो. अक्षरे तितकीच, आघात त्याच जागी.

छंद जुळला एवढ्यावर मी हे मान्य केले नसते. पण त्या कँटाट्याचा पहिलाच स्वरमेळ विसंवादी आहे : खाली आधारस्वर स्थिर आणि वर त्याच्याशी न पटणारे सूर, तेही तालाच्या ठाम ठोक्यावर. संथ, गोड चालीच्या तळाशी विष. खोट्या चुंबनाला याहून योग्य संगीत शोधून सापडणार नाही. शोकगीताच्या बाबतीत पाच जुळण्यांचे संख्याबळ होते. इथे एकच जुळणी आहे, पण अर्थ तिच्या बाजूने साक्ष देतो. तरी हे अनुमानच आहे.

तिसरा धागा जमावाच्या कोरसचा. क्रुसाजवळून जाणारे लोक येशूची थट्टा करतात, ‘मंदिर मोडून तीन दिवसांत बांधणारा तू!’ ख्रिसमस ओरेटोरिओच्या पाचव्या भागात पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष ‘यहुद्यांचा नवजात राजा कुठे आहे?’ असे विचारतात. त्या कोरसचे संगीत मुळात या थट्टेचे असावे, असा तर्क आहे. मार्कचे शब्द त्यावर बऱ्यापैकी बसतात. पण जमावाचे असे प्रसंग संहितेत बरेच आहेत आणि एकाच्याही संगीताची खात्री देता येत नाही.

कोरालांची बाजू त्या मानाने बळकट. कार्ल फिलिप इमान्युएल बाख आणि त्याच्या वडिलांचा शिष्य किर्नबर्गर यांच्या श्रमांतून १७८४ ते १७८७ या काळात बाखच्या चार आवाजांतल्या कोरालांचे चार खंड निघाले. त्यांत शब्द नाहीत, नुसते स्वर. आज कोणत्याही कृतीत न सापडणारी अनेक कोराल त्यांत आहेत. त्यांतली काही मार्क पॅशनचीच असणार हे उघड आहे. स्तोत्र कोणते ते संहिता सांगते, चाल परंपरेने ठाऊक असते. प्रश्न उरतो तो त्या चालीच्या अनेक बांधण्यांपैकी नेमक्या कोणत्या बांधणीचा. तो प्रश्न किरकोळ नाही. मॅथ्यू पॅशनमध्ये एकच चाल बाखने पाच ठिकाणी वापरली आणि शब्दांचा कल पाहून स्वरमेळ बदलत नेला. चुकीची बांधणी घेतली तर चाल बरोबर असूनही अर्थ सुटतो.

जिथे पुरावा संपतो

रेसिटेटिव्ह कुठेच नाही. ते दुसऱ्या रचनेतून येण्याची शक्यताही जवळजवळ नाही, कारण शुभवर्तमानाचे गद्य कोणत्याही छंदात नसते. त्या वाक्यांसाठी बाखला नव्यानेच लिहावे लागले असणार.

काय गेले आहे याची कल्पना यावी म्हणून एक प्रसंग घेतो. कोंबडा आरवतो आणि येशूला नाकारलेल्या पेत्राला रडू कोसळते. मॅथ्यू पॅशनमध्ये इव्हँजेलिस्टचा ‘आणि तो अतिशय रडला’ हा वाक्यांश चढत, वळसे घेत, तुटत जातो. पाश्चात्त्य संगीतात त्याच्या तोलाच्या ओळी फार थोड्या. हे रडणे योहानच्या शुभवर्तमानात नाही, तरी योहान पॅशन लिहिताना बाखने ते वाक्य मॅथ्यूमधून उचलून आणले, इतका तो प्रसंग त्याला हवा होता. मार्कमध्ये ते आहे, पण शब्द साधे आहेत : तो रडू लागला. तिसऱ्यांदा या प्रसंगापाशी आलेल्या बाखने तिथे काय केले असेल? पुन्हा तसाच लांब विलाप लिहिला असेल, की मार्कच्या रोखठोकपणाला मान देऊन दोन सुरांत संपवले असेल?

दुसरा प्रसंग फक्त मार्कमध्येच येतो. अटकेच्या वेळी अंगावर तागाचे एकच वस्त्र पांघरलेला एक तरुण येशूच्या मागे चालत असतो. शिपाई त्याला धरतात, तो वस्त्र त्यांच्या हाती टाकून उघडाच पळून जातो. तो कोण, कुठला, मार्क सांगत नाही. बाखने या दोन विचित्र, घाबऱ्या वचनांना दिलेले सूर कोणत्याही पुनर्रचनाकाराला परत आणता येणार नाहीत.

१७३६च्या सुमारास बाखने मॅथ्यू पॅशनची सुबक प्रत स्वतःच्या हाताने काढली तेव्हा शुभवर्तमानाचे शब्द लाल शाईने लिहिले, बाकी जवळजवळ सगळे काळ्या शाईने. जे त्याने लाल शाईत लिहिले असते नेमके तेच मार्कमध्ये गेले आहे, आणि मार्कमध्ये त्याचा वाटाही मोठा होता. म्हणून ‘थोडेसे हरवले आहे, बाकी जमले आहे’ असे बोलणे मला चुकीचे वाटते.

पुनर्रचनाकारांच्या वाटा

१९६४ साली डीटहार्ड हेलमनने केलेली आवृत्ती या सगळ्यांत संयमी आहे. कोरस, जुळणाऱ्या आरिया आणि कोराल त्याने दिली. रेसिटेटिव्ह रचायचा प्रयत्नच केला नाही. अशी आवृत्ती गाताना मार्कचे अध्याय कोणीतरी वाचून दाखवू शकतो. कृती त्यात धडाच्या रूपात राहते, पण जे आहे ते शक्य तितके बाखचे आहे.

इंग्लिश अभ्यासक सायमन हाइजने १९९०च्या दशकात दुसरी वाट धरली. राइनहार्ड कायझरच्या नावावर चालत आलेले एक जुने मार्क पॅशन आहे. ते खरोखर कायझरचे की दुसऱ्या कोणाचे, याबद्दल शंका आहे. बाखने ते वायमारमध्ये आणि पुढे १७२६ साली लाइप्झिगमध्ये स्वतः सादर केले होते. त्यातली रेसिटेटिव्ह आणि जमावाचे कोरस हाइजने घेतले. शब्द मार्कचेच असल्याने ते बसतात. शिवाय दुसऱ्याच्या पॅशनमध्ये फेरफार करून ते सादर करणे बाखला परके नव्हते. १७४०च्या दशकात याच पॅशनमध्ये त्याने हँडेलच्या आरिया घातल्या होत्या. म्हणून संपूर्ण कथा सुरांतच हवी असेल, तर ही वाट मला सर्वांत प्रामाणिक वाटते. बाखच्या स्वतःच्या सरावातून ती निघते आणि उसने काय घेतले ते उघड सांगते. त्या जुन्या रेसिटेटिव्हचा साधेपणा शेजारच्या बाखपुढे फिका पडतो, हेही खरे. पण तो सांधा ऐकू येतो तेच बरे.

डच संगीतकार टोन कोपमनने याच्या उलट केले. शोकगीताचा धागा बाजूला ठेवून बाखच्या १७३१पूर्वीच्या इतर रचनांतून त्याने कोरस आणि आरिया निवडल्या, आणि रेसिटेटिव्ह बाखच्या शैलीत स्वतः लिहिली. कोपमनने आयुष्य बाखमध्ये घालवले आहे, त्याने बाखच्या कँटाट्यांचे समग्र ध्वनिमुद्रण केले. त्याच्या रेसिटेटिव्हमध्ये व्याकरणाची चूक काढता येणार नाही. तरीही पेत्राच्या रडण्यापाशी मी ऐकतो तो कोपमन, आणि ती जागा अशी आहे की तिथे दुसऱ्या कोणाला ऐकायची माझी तयारी नाही. शोकगीताशी असलेल्या पाच जुळण्या हातच्या सोडणेही मला समजत नाही. हातात असलेला सर्वांत भक्कम पुरावा टाकून अधिक मोकळा अंदाज का करावा?

स्पेनच्या जोर्दी सावालने २०१८ साली व्हर्सायच्या राजप्रासादातल्या चॅपेलमध्ये आपली आवृत्ती सादर केली. तिला एका नव्या शोधाचा आधार होता. २००९ साली तात्याना शाबालिना या संशोधिकेने सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली एक छापील पुस्तिका उजेडात आणली. गुड फ्रायडेला उपासकांच्या हाती असायची तशी ती संहिता, साल १७४४. म्हणजे बाखने हे पॅशन तेरा वर्षांनी पुन्हा केले होते, आणि जसेच्या तसे नव्हे : दोन आरिया वाढल्या होत्या, इतरही बदल होते.

या पुस्तिकेने एक शंका कायमची मिटवली. मार्क पॅशन ही घाईने जुळवून एकदा गाऊन टाकलेली कृती होती, असे कोणी म्हणत असेल तर १७४४ साली बाखला ती पुन्हा हातात घेऊन वाढवावीशी का वाटली? आधीच्या सगळ्या आवृत्त्या १७३१च्या संहितेवर उभ्या होत्या. आता कोणत्याही पुनर्रचनाकाराला आधी कोणते साल घ्यायचे ते ठरवावे लागते. वाढलेल्या आरियांसाठी पुन्हा नवी शोधाशोध आहेच.

आज एखाद्या गायकवृंदाला हे करायचे असेल तर

मी हेलमनच्या वाटेने जाईन. शोकगीतावरचे दोन कोरस आणि तीन आरिया, यहूदाच्या चुंबनाची आरिया, सोळा कोराल. दोन गाम्बा मिळवायच्याच. त्यांच्या जागी चेलो लावले तर आल्टोची आरिया निम्मी उरते. ल्यूट मिळाले नाहीत तर चालवून घेता येईल. थट्टेचा कोरस मी घेईन, पण तो तर्क आहे हे कार्यक्रमपत्रिकेत छापून.

मार्कचे अध्याय वाचायचे, आणि ते श्रोत्यांच्या भाषेत. बाखच्या श्रोत्यांना ही कथा त्यांच्या जर्मनमध्ये, लुथरच्या भाषांतरात, एकेक शब्द कळत ऐकू येत होती. पुण्यात हे पॅशन झाले तर मराठी बायबलमधून वाचावे, पणजीत कोकणीतून. वाचणाऱ्याने नाट्य करू नये, पण गतीही सोडू नये. मार्कची वाक्ये ‘आणि लगेच’ म्हणत पुढे धावतात, ती तशीच धावू द्यावीत. उघडा पळून जाणारा तरुण दोन वचनांत येतो आणि जातो. तिथे थांबायचे नाही, लगेच पुढचे वाक्य.

दोन आरिया तरीही उरतात. त्यांतली एक घेऊ. जमाव ‘त्याला क्रुसावर द्या’ असे ओरडतो, त्यानंतर पिकांडरची ओळ आहे : ‘आंगेनेमेस मोर्डगेश्राय’, म्हणजे ‘सुखद अशी ही खुनाची आरोळी’. या आरोळीमुळे आपली सुटका होणार म्हणून ती श्रद्धावानाला सुखद. सगळ्या संहितेत याहून धीट ओळ नाही. तिच्यासाठी वेगवेगळ्या संपादकांनी वेगवेगळी संगीते सुचवली आहेत. शोकगीताला होते तसे बळ त्यांतल्या एकामागेही नाही. ती गाऊ नये. तिची कविता शुभवर्तमानासारखीच मोठ्याने वाचावी आणि पुढच्या कोरालकडे जावे.